इतर हक्क

कराडहून पाटणमार्गे हेळवाककडे निघालं की कोयनेच्या दोन्ही अंगांचे डोंगर हळूहळू जवळ येत जातात. पाऊस सरता सरता तर नजर ठरत नाही इतकं हिरवं असतं. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ते सगळं एकच रान वाटतं, आणि ते सरकारचं असणार अशी बहुतेकांची समजूत असते. पण पायवाटेने चढ चढून गेलं की मध्येच दगड रचून केलेला वनखात्याचा बुरूज लागतो. बुरुजाच्या वरच्या अंगाला राखीव जंगल, त्यापलीकडे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. खालच्या अंगाला मालकी. दोन्हीकडे तोच हिरडा, तीच अंजनी, तेच जांभूळ. शेकरू वरच्या झाडावरून खालच्या झाडावर झेप घेतं तेव्हा ते सरकारी हद्द सोडून कुणाच्या तरी गट नंबरात शिरलेलं असतं. वरच्या रानाला वनरक्षक आहे, नकाशा आहे, कॅमेरे आहेत. खालच्या रानाला फक्त मालक आहे. मला बोलायचं आहे ते या खालच्या रानाविषयी.

हे रान कुणी लावलेलं नाही. आमच्या आजोबांच्या काळी या उतारांवर नाचणी आणि वरी होती. फांद्या तोडून, वाळवून राब भाजायचा, पहिल्या पावसावर बी टाकायचं, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि जमीन विसाव्याला सोडून पुढच्या टप्प्यावर जायचं. डोंगर तेव्हा बराचसा उघडा होता, असं जुनी माणसं सांगत. मग माणसं मुंबईला गेली. पाटण तालुक्यातल्या घराघरातून गेली, गोदीत आणि घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहायला. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा ज्या कष्टकऱ्यांसाठी झाला, त्यांत आमच्या डोंगरातली माणसं पुष्कळ होती. गावात उरल्या बायका आणि म्हातारी माणसं. त्यांनी खाचरातला भात राखला, वरच्या उताराला हात पुरेनात. कुदळ थांबली आणि डोंगराने आपलं काम सुरू केलं.

ते काम कसं चालतं हे पाहण्यासारखं असतं. आधी गवत आणि घाणेरी येते. मग करवंदीची जाळी पसरते, आणि तिच्या काट्यांच्या आत, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही, तिथे एखादं भोम्याचं किंवा गेळ्याचं रोप मान वर काढतं. तोरणीवर पाखरं येतात, त्यांच्या विष्ठेतून जांभळाच्या बिया पडतात. पिढी सरेतो अंजनीच्या खोडांना शेवाळ धरतं, खाली पालापाचोळ्याचा थर इतका होतो की पाऊल वाजेनासं होतं. मग कधीतरी पहाटे ओढ्याच्या घळीतून शीळकरी कस्तूर शीळ घालतो, माणसाने घालावी तशी लांब, वळणावळणाची, जराशी चुकत चुकत. ज्या वर्षी ती शीळ पहिल्यांदा ऐकू आली त्या वर्षी आमच्या आत्या म्हणाल्या होत्या, ‘आता हितं रान झालं.’ मुंबईत पोती वाहणाऱ्या पाठींनी नकळत हे रान राखलं, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या श्रेयात हे कुणी कधी मांडलेलं नाही.

अशा एका रानात माझाही वाटा आहे. केवढा, ते सांगणं कठीण. सातबारा उतारा समोर घेतला की भोगवटादारांच्या रकान्यात नावांची रांग लागते. आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, मुलांच्या मुली, काही नावांना कंस, काही नावांपुढे ‘मयत’. क्षेत्र सामाईक. शेतसाऱ्याचा आकार इतका थोडा की त्यात आज चहाचा कपही यायचा नाही. लागवडीलायक नसलेला भाग पोटखराबा म्हणून वेगळा मांडलेला. खाली गाव नमुना बारामध्ये पिकाच्या नोंदीत ‘पड’. ज्या जमिनीवर उभं राहिलं की दुपारी बारा वाजता ऊन अंगावर येत नाही, जिच्या पोटातून मे महिन्यातही बोटभर धारेचा झरा वाहतो, ती सरकारदरबारी पड आहे. पान उलटता उलटता एक रकाना दिसतो: ‘इतर हक्क’. तिथे सोसायटीचा बोजा लिहितात, बँकेचं कर्ज लिहितात, कुळाचं नाव, कुणाची विहिरीतली पाण्याची पाळी. आमच्या उताऱ्यावर तो रकाना कोरा आहे. हा निबंध त्या कोऱ्या जागेविषयी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

लाकडाचा व्यापारी गावात येतो तो बहुधा दिवाळीनंतर, वाट वाळली की. तो झाडं मोजत बसत नाही. डोळ्यांनीच रान जोखतो आणि उक्ता भाव सांगतो: एवढ्या डोंगराचे एवढे, परवानगीचं आम्ही बघू, तुम्ही फक्त सह्या द्या. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ सालचा आहे. हिरडा, साग, जांभूळ, आंबा अशा अनुसूचीतल्या झाडांना परवानगीवाचून हात लावता येत नाही, पण परवानगी मिळण्याची वाटही त्याच कायद्यात आहे. शिवाय रानात जे उभं असतं त्यातलं सगळं काही अनुसूचीत नसतं. ट्रक भरून जळाऊ लाकूड निघतं, ते वीटभट्ट्यांना जातं, बॉयलरला जातं. मशीनच्या कटरने एक डोंगर उतरायला पंधरवडाही लागत नाही.

व्यापाऱ्याला आणि विकणाऱ्याला शिव्या देऊन हा विषय संपत नाही. घरात कुणाच्या डायलिसिसचा खर्च असतो, कुणाच्या पोरीच्या नर्सिंगची फी. लाखभर रुपये हातात येतील असं दुसरं त्या माणसाकडे काहीच नसतं. रान उभं ठेवलं म्हणून त्याला आजवर कुणी एक रुपया दिलेला नाही. आडवं केलं की मात्र रोख मिळतात. असा हिशेब समोर असताना जो माणूस नाही म्हणतो, त्याच्या नाही म्हणण्याची किंमत आपल्याला कळायला हवी.

आमच्या घरात ती नाही आत्यांनी म्हटली. सामाईक क्षेत्र, तेव्हा सगळ्यांच्या सह्या लागणार. चुलते कागद घेऊन त्यांच्या सासरी गेले. आत्यांनी चहा केला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘दादा, हे पैसं किती दिस पुरत्याल?’ चुलते म्हणाले, ‘तुजाबी वाटा हाय की त्यात.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मला वाटा नगं. म्हायेराला आल्यावर ज्या झऱ्यावर मी पाय धुती, त्यो आटला तर मग मी कशाला यायचं तिकडं?’ कागद घडी करून त्यांनी चुलत्यांच्या पिशवीत ठेवला. पुढे व्यापारी शेजारच्या डोंगराकडे वळला. आमचं रान वाचलं ते एका बाईच्या न केलेल्या सहीवर. त्या आता थकल्या आहेत. त्यांच्यानंतर वारस म्हणून ज्यांची नावं लागतील त्यांनी तो झरा पाहिलेला नाही.

वाचलेलं रान असं एखाद्याच्या हट्टावर, नाहीतर भाऊबंदकीच्या भांडणावर टिकून असतं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला जावळी, महाबळेश्वर, पाटण, आणि सांगलीत चांदोलीच्या अंगाचा शिराळा. या पट्ट्यातल्या मालकी रानांची हीच गत आहे. सांगली म्हटलं की लोकांना ऊस, हळद, द्राक्षं आठवतात. पण चांदोलीच्या अंगाचं रानही सांगलीचंच. तिथेही राष्ट्रीय उद्यानाची हद्द संपते आणि बुरुजाखाली मालकी सुरू होते.

कायद्याने मालकी रानाकडे आजवर बहुतेक दोनच नजरांनी पाहिलं आहे: घ्यायचं किंवा अडवायचं. महाराष्ट्र खाजगी वने संपादन अधिनियम १९७५ चा. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला, कायद्याच्या व्याख्येत बसणारी खाजगी वनं एका फटक्यात सरकारजमा झाली. पुढे दुरुस्ती करून लहान खातेदारांना १२ हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत देण्याची सोय केली गेली, पण गावांच्या मनात बसायचं ते बसलंच. कुठे कुणाची नोंद चुकली, कुठे कुणाला नोटीसच पोचली नाही. मुंबईतल्या विक्रोळीच्या जमिनीवरून गोदरेजचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० जानेवारी २०१४ ला निकाल लागला की वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या नुसत्या जुन्या नोटिशीवरून जमीन सरकारची होत नाही. त्याआधी १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने, मालक कोणीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, असं ठरलं होतं. २०२३ साली केंद्राने वन कायद्यात बदल केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त जुनी व्याख्याच चालू ठेवायला सांगितलं. दिल्लीत हे सगळं चालू असताना डोंगरातल्या शेतकऱ्याने त्यातून एकच धडा घेतला: रान वाढलं की सरकार नेणार. म्हणून काही ठिकाणी झाड हाताच्या मुठीएवढं झालं की ते तोडून टाकतात, म्हणजे जमीन जमीनच दिसावी. रान राखण्यासाठी केलेल्या कायद्याने रान वाढण्याचीच धास्ती पेरली, याचं मला फार दुःख होतं.

जगात इतरत्र माणसांनी याच पेचातून वेगळी वाट काढली आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात पिंगरी नावाच्या एका घराण्याकडे एकोणिसाव्या शतकापासून जंगल चालत आलेलं. २००१ साली त्यांनी सुमारे ७ लाख ६२ हजार एकर जंगलावरचा एकच हक्क विकला: तिथे वसाहती, बंगले, प्लॉट पाडण्याचा हक्क. न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशन या संस्थेने देणग्या गोळा करून सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरला तो विकत घेतला. घेतला तो वापरण्यासाठी नव्हे, कायमचा बंद करून ठेवण्यासाठी. जमीन पिंगरींचीच राहिली, लाकडाचा धंदा शिस्तीत चालू राहिला, उद्या ती जमीन दुसऱ्या कुणाला विकली तरी बंधन जमिनीबरोबर जाणार. सबंध सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ११६५ चौरस किलोमीटरचा. त्याच्या अडीचपटीहून मोठं जंगल एका दस्ताने वाचलं. कोस्टा रिकाने १९९६ च्या वन कायद्याने दुसरा मार्ग धरला. तिथे इंधनावरच्या करातून बाजूला काढलेला पैसा खाजगी रानाच्या मालकांना मिळतो, कारण त्यांचं रान हवा आणि पाणी राखतं.

हे ऐकून कुणी म्हणेल की परदेशी चाळे आमच्याकडे कसे चालायचे. पण मालकीचे असे वेगवेगळे भाग करणं आपल्या खेड्यांना मुळीच नवीन नाही. जमीन एकाची आणि बांधावरचा आंबा दुसऱ्याचा, हे गावोगाव असतं. विहीर एकाची आणि आठवड्यातले दोन दिवस पाणी चुलतभावाचं. वावर माझं, पण खालच्या आळीची वहिवाट त्यातूनच, आणि ती मी नांगरू शकत नाही. पिढ्यान्पिढ्या हे सगळं लोक पाळतात, आणि त्यातलं पुष्कळसं त्याच ‘इतर हक्क’ रकान्यात लिहिलेलं असतं.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. त्याच्या चौथ्या कलमात दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याचा हक्क जसा सांगितला आहे, तसाच दुसऱ्याच्या जमिनीवर काही होऊ न देण्याचाही हक्क सांगितला आहे. अडचण एवढीच, की हा हक्क मिळतो तो आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी, जमिनीच्या मालकाला किंवा कब्जेदाराला. पुण्या-मुंबईची एखादी संस्था, जिच्याकडे आसपास काडीची जमीन नाही, ती हा हक्क घेऊ शकत नाही. मेनमधल्या फाउंडेशनला जे जमलं ते इथे जमत नाही, ते एवढ्यामुळे. मात्र तेच कलम दुसरीकडे फार उदार आहे. जमिनीचा ‘उपभोग’ म्हणजे काय हे सांगताना त्यात लांबचा लाभ, संभाव्य सोय, नुसतं सौख्यसुद्धा धरलेलं आहे. शेजारच्या रानामुळे माझ्या खाचरातला झरा जिवंत राहतो, हा तर अगदी जवळचा लाभ झाला. म्हणजे लागून असलेल्या दोन गटांचे मालक एकमेकांना लिहून देऊ शकतात: तुझ्या वरच्या डोंगरावर सरसकट तोड होणार नाही, माझ्याही होणार नाही. दस्त करून नोंदवू शकतात. वकिलाकडून तो नीट बांधून घ्यावा लागेल. पण कलम वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की या कोऱ्या रकान्यात लिहिण्यासारखं आपल्याकडे काही आहे.

आणि जमीन सरळ विकतच घेतली तर? कर्नाटकात कोडगूमध्ये अनिल आणि पामेला मल्होत्रा या दांपत्याने १९९१ पासून शेतकऱ्यांनी सोडलेले तुकडे विकत घेत घेत सुमारे ३०० एकरांचं ‘साई’ अभयारण्य उभं केलं. तिथे आज हत्ती येतात. मला त्या दोघांविषयी अपार आदर आहे. पण आपल्याकडे खरेदी हा शब्द काढला की डोंगरातला माणूस सावध होतो, आणि त्याने व्हावंच. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. संस्थेला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा आहे. निसर्गासाठी जमीन घेऊ पाहणारी प्रामाणिक संस्था या कागदांत अडकते. आणि ज्यांना रिसॉर्ट काढायचं आहे त्यांना मात्र कागद कुठून ना कुठून मिळतात. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं, कमाल धारणेच्या चौकशीपर्यंत गेलं. कोयनेच्या जलाशयापलीकडचं ते गाव. धरणाने एकदा उठलेली माणसं, आणि मागे उरलेली जमीन अशी जाते. त्याच सुमारास २३५ गावांच्या ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाने जोर धरला. तेव्हापासून दलालांची वर्दळ वाढली आहे. ज्या डोंगराला कालपर्यंत कुणी ‘पड’पलीकडे काही म्हणत नव्हतं, त्याला आज ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणतात.

म्हणून माझं मत असं की खरेदी हा अगदी शेवटचा उपाय ठेवावा. जिथे मालकाला विकायचंच आहे आणि समोर प्लॉटवाला उभा आहे, तिथेच. एरवी जमीन ज्याची त्याचीच राहू द्यावी. या मातीतून माणसं धरणासाठी उठली, अभयारण्यासाठी उठली. आता रान राखण्यासाठी तिसऱ्यांदा उठवायला लागलो, तर ते रान राहिलं काय आणि गेलं काय.

जमीन मालकाकडे ठेवून रान राखण्याचं काम प्रत्यक्ष झालेलं पाहायचं असेल तर कडा उतरून खाली जावं लागतं. चांदोलीच्या पश्चिमेला प्रचितगड आहे आणि त्याच्या पायथ्याशी शृंगारपूर, संगमेश्वर तालुक्यातलं. या तालुक्यात पुण्याची एईआरएफ, म्हणजे अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन, ही संस्था १९९० च्या दशकापासून काम करते. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांनी आधी देवरायांपासून सुरुवात केली आणि मग मालकी रानांकडे वळले. रानमालकांशी ते संवर्धन-करार करतात: ठरावीक वर्षं तोड करायची नाही, आणि त्याबदल्यात मोबदला. करार कायमचा नसतो, अमेरिकेसारखं कायद्याचं बळ त्याला नसतं. पण व्यापाऱ्याच्या उक्त्या भावासमोर ठेवायला मालकाच्या हातात पहिल्यांदा दुसरा कागद येतो.

या कामात बेहड्याच्या झाडाचा वाटा मोठा आहे. जुना बेहडा सरळ वर जातो, बुंध्याला आधाराच्या भिंती फुटतात, आणि उंचावर जिथे एखादी फांदी मोडून पडलेली असते तिथे ढोली होते. धनेशाची मादी विणीच्या दिवसांत तिथे आत जाते आणि विष्ठा नि फळांचा गर लिंपून ढोलीचं तोंड आतून बुजवून घेते. राहते ती चोचीएवढी फट. नर दिवसभर वड-उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवतो. आठवडेच्या आठवडे. त्या काळात नर मेला तर आतला सगळा संसार उपाशी मरू शकतो, आणि झाड पडलं तर तो प्रश्नच उरत नाही. असा बेहडा व्यापाऱ्याच्या हिशेबात हलकं लाकूड, कमी भावाचा. मग संस्थेने फळाकडे पाहिलं. बेहडा आणि हिरडा ही त्रिफळाचूर्णातली फळं. झाड न तोडता, फांदी न ओरबाडता, काही फळं रानासाठी मागे ठेवून गोळा केली तर त्यांना ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ते मिळवलं, आणि इंग्लंडमधल्या पुक्का या हर्बल चहाच्या कंपनीने माल घेतला. ज्या झाडाची किंमत एकदाच, आडवं झाल्यावर मिळत होती, त्याचे दरवर्षी उभ्याने पैसे येऊ लागले. धनेशाची ढोली त्याबरोबर राहिली. हे वाचलं तेव्हा मी आमच्या रानातल्या हिरड्यांखाली जाऊन उभा राहिलो. खाली सुकलेल्या फळांचा सडा होता, वर्षानुवर्षं तसाच कुजत गेलेला.

आमच्याकडे घाटमाथ्यावर हे का होऊ नये? मला तर वाटतं, इथे पैसे द्यायला हक्काचा माणूस जवळच आहे. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी साठतं. वारणेच्या चांदोली धरणात ३४. कोयना कराडला कृष्णेला मिळते, आणि तिथून जवळच टेंभूला ते पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळांवर चढवतात. ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचंही तेच. मी सांगलीत राहतो. आमच्या पाहुण्यांची डाळिंबाची बाग आटपाडीच्या माळावर आहे. तिथल्या ठिबकच्या नळीतून पडणारा थेंब ज्या डोंगरावरून उतरला, तो डोंगर एखाद्या माथाडी कामगाराच्या भावाने न विकता ठेवला असेल. या दोघांची कधी गाठ पडत नाही. आटपाडीचा शेतकरी पाणीपट्टी भरतो, कारखाना उसाच्या टनामागे कपाती करतो. त्यातली अगदी बारीक पाती वरच्या उतारांसाठी काढली, तर व्यापाऱ्याच्या उक्त्या रकमेला उत्तर तयार होतं. हे दान नव्हे. धरणात गाळ कमी येतो, झरे उशिरापर्यंत वाहतात, त्याची ती मजुरी आहे.

याच उतारांवर जुलै २०२१ च्या पावसात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या आणि माणसं घरांसकट गेली. तेवढा पाऊस झाल्यावर नुसत्या झाडांनी डोंगर थोपला असता असा दावा मी करणार नाही. पण उतार उघडा करताना आणि त्याला जेसीबीने रस्ता कापताना ती गावं आठवायला हवीत, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

सरकारकडे एक तरतूद पडून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव’ हा प्रकार आला. खाजगी किंवा सामाईक जमिनीच्या मालकांनी स्वतःहून पुढे यायचं, जमीन त्यांचीच राहते, आणि त्यांच्याच समितीच्या ठरावाशिवाय आणि राज्याच्या मंजुरीशिवाय तिचा वापर बदलत नाही. मेघालय आणि नागालँडने याचा चांगला उपयोग करून घेतला. साताऱ्यात जोर-जांभळीचं, मायणीच्या पक्ष्यांचं संवर्धन राखीव झालं, त्याचा आनंद आहे, पण संवर्धन राखीव हा प्रकार सरकारी जमिनीसाठी आहे. मालकी रानाला हात घालायचा तर ‘समुदाय राखीव’ला मोबदल्याची जोड द्यावी लागेल. आज त्या कलमात मालकाच्या हातात काय पडेल यावर अक्षर नाही.

सांगलीजवळ राहणाऱ्याला सागरेश्वर माहीत असतं. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरांवर रान उगवून आणायचा ध्यास घेतला आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झालं, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. एका माणसाचं आयुष्य आणि किती हातांची मेहनत त्या ११ चौरस किलोमीटरांत गेली! कमी पावसाच्या त्या डोंगरावर झाड धरावं म्हणून माणसांनी पाणी वाहिलं. आणि इथे, पाटण-शिराळ्याच्या उतारांवर, काही न लावता आपोआप आलेलं रान कुणाच्या तरी सहीची वाट पाहत उभं आहे. ताडोबातून आणलेली वाघीण चांदोलीत सोडली आहे. तिला आणि पुढे तिच्या पोरांना राधानगरीकडे जायचं झालं तर वाट विशाळगड, आंबा, गगनबावड्याकडून, आणि ती जागोजाग मालकी रानांतूनच जाते. वाघाला बुरूज कळत नाहीत.

तेव्हा पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा इथे ज्यांचं मूळ गाव आहे आणि जे आज मुंबई-पुण्यात आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. डोंगरावरच्या सामाईक जमिनीचा सातबारा काढा. त्यावर नाव आहे का पाहा, नसेल तर वारसनोंद करून घ्या, बहिणींची नावं लावून घ्या. त्यांच्याकडून घाईने हक्कसोड लिहून घेऊ नका, कारण कित्येक रानं त्यांच्याच सहीवाचून टिकली आहेत. फोनवरून कुणी मागितलं म्हणून कुलमुखत्यारपत्र देऊ नका. गावात राहणाऱ्या भावाला पैशाची गरज असेल तर ती सगळ्यांनी मिळून भागवा, त्याला एकट्याला व्यापाऱ्यासमोर सोडू नका. शेजारच्या गटवाल्यांशी बोला, चांगला वकील गाठा, तोड न करण्याचा दस्त करा, आणि तलाठ्याकडे जाऊन त्याची नोंद ‘इतर हक्क’ रकान्यात मागा. तलाठी कदाचित म्हणेल, अशी नोंद आजवर कुणी मागितली नाही. तरी मागा, आणि अर्जाची पोच घ्या. यात्रेला गावी जाणारच आहात, हे काम त्याच फेरीत करा.